सात वाव दोर

"आजपन पेज पातळ. पानी जास्ती, तांदूळ कमी."

हे लतिकाच्या डाव्या कानाशी आलं, इतकं जवळून की पेजेचा वासही सोबत आला. ओट्यावरच्या बाकावर तिच्या शेजारी मार्था नावाची म्हातारी बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, दात दोन, आवाज मात्र भरपूर. लतिकाने नुसती मान हलवली, तर म्हातारीने तिच्या मांडीवरच्या कागदांवर बोट ठेवलं.

"लिव. तपासायला आलीस ना? लिव. पानी जास्ती."

लतिकाने लिहिलं. 'आहाराबाबत रहिवाशांचे मत' या रकान्यात 'पेज पातळ' अशी दोन शब्दांची नोंद झाली, आणि म्हातारी जन्माचं काम झाल्यासारखी भिंतीला टेकली. मग तीच पेज तिने शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकली.

ही गोष्ट दोन हजार एक सालातली. नंदाखालला, केळीच्या वाडीच्या पोटात, फिलोमिना नावाच्या बाईने आपल्या राहत्या घरात चौदा म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेतलं होतं. मुंबईतला एक ट्रस्ट अशा घरांची यादी करायचा आणि त्यांना औषधपाणी पुरवायचा. त्यांची तपासणी करायला ट्रस्टने वसईची लतिका नेमली होती. वय अठ्ठेचाळीस, चष्मा, पिशवीत छत्तीस प्रश्नांचा छापील अर्ज, आणि आज संकष्टी म्हणून डब्यात साबुदाण्याची खिचडी. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. पण म्हाताऱ्यांच्या घरात पाऊल टाकलं की तिथे काय शिजतंय आणि काय लपतंय हे तिला वासावरून कळायचं. ट्रस्टच्या लोकांना तिचं हे फार कौतुक होतं.

या वेळची तपासणी नेहमीची नव्हती. एका रहिवाशाच्या पुतण्याने पत्र लिहिलं होतं, की इथे एका म्हाताऱ्याला खांबाला गुरासारखं बांधून ठेवतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. ट्रस्टचा नियम साधा होता. माणूस बांधलेला आढळला, तर ते घर यादीतून जायचं आणि माणसं दुसरीकडे हलवायची. म्हणजे कोणी डहाणूला, कोणी भिवंडीला, जिथे जागा मिळेल तिथे. चौदा जणांची पांगापांग. आणि ती करायची की नाही, हे लतिकाच्या अर्जातल्या सतराव्या प्रश्नावर ठरणार होतं.

'रहिवाशांना कोणत्याही कारणाने बांधून ठेवण्यात येते काय? होय / नाही. असल्यास साधन : दोरी / साखळी / कापड.'

त्यातला 'कापड' हा शब्द लतिकाने घालायला लावला होता. मागल्या वर्षी अर्जाचा मसुदा झाला, तेव्हा त्यात दोरी आणि साखळी एवढंच होतं. लोक कापडानेही बांधतात, असं ती बैठकीत म्हणाली. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तुम्हाला कसं ठाऊक असं कोणी विचारलं नाही.

तिच्या घरीही कोणी विचारत नसे. सासूबाईंना तीन वर्षांपूर्वी विसरायला होऊ लागलं. आधी चष्मा, मग गॅस, मग माणसं. एकदा भर दुपारी दार उघडून त्या चालत निघाल्या, आणि संध्याकाळी वालीवला एका कारखान्याच्या फाटकापाशी सापडल्या. पाळी सुटल्याचा भोंगा झाला होता. बाहेर पडणाऱ्या एकेका कामगाराला थांबवून त्या विचारत होत्या, शाळा सुटली का, आमचा श्रीरंग दिसला का. त्यांचा श्रीरंग, म्हणजे लतिकाचा नवरा, तेव्हा बावन्न वर्षांचा होता आणि चर्चगेटला आपल्या ऑफिसात बसला होता.

त्या दिवसापासून 'सोय' सुरू झाली. सासूबाईंच्याच जुन्या लुगड्याची मऊ पट्टी, एक टोक मनगटाला, एक टोक पलंगाच्या दांड्याला. सकाळी आठपासून एकपर्यंत, मुलगी सुरुची कॉलेजातून येईस्तोवर. श्रीरंग पावणेसातला निघताना बुटाच्या नाडीकडे बघत विचारायचा, "आईंची सोय करशील ना?" लतिका म्हणायची, करते. सुरुचीही परत आली की सोय सोडायची, पट्टीची घडी करून उशीखाली ठेवायची, आणि आजीला चहा द्यायची. तिघांपैकी कोणीही त्या गोष्टीला तिच्या खऱ्या नावाने कधी हाक मारली नव्हती.

आज सकाळीही सोय करूनच ती विरारला आली होती आणि तिथून एसटीने नंदाखालला.

सव्वानऊ वाजता तिने ओट्यावर पाय ठेवला आणि तक्रारीतला म्हातारा पहिल्याच नजरेत सापडला. शोधावं लागलंच नाही, लपवलेलंच नव्हतं. ओट्याच्या टोकाला सागाचा जुना खांब, खांबाला काथ्याचा जाड दोर, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला उंच, हडकुळा, उन्हाने कायमचा काळवंडलेला सिप्रियन. अर्नाळ्याचा मासेमार. खांबापासून जेमतेम हातभर अंतरावर स्टुलावर बसलेला, मनगटाला दोराचे दोन वेढे. तिने बाकावरून बघून घेतलं आणि तोंड मिटून ठेवलं. फिलोमिना आत चुलीपाशी होती. मदतनीस ॲनी कुणाला तरी आंघोळ घालत होती. म्हणून लतिकाने बाकीचे प्रश्न आधी उरकायला घेतले. मार्थाची पेज त्यातच आली.

खरं सांगायचं, तर पहिल्या सोळा प्रश्नांनीच ती चक्रावली होती. घराला कसलाच वास नव्हता. ना फिनेलचा, ना जो झाकायला फिनेल लागतं त्याचा. न्हाणीघरात धरायला नळ्यांच्या जागी काथ्या गुंडाळलेले बांबू होते, हात ओला असला तरी न सटकणारे. क्लेमेंटीन नावाची बाई चार वर्षं अंथरुणाला खिळलेली. लतिकाने ॲनीला तिला कुशीवर वळवायला सांगितलं आणि पाठ पाहिली. चांगल्या चांगल्या दवाखान्यांतून महिन्याभरात पाठीला भोकं पडलेली तिने पाहिली होती. ही पाठ कोरी होती. चादरीवर केळीचं कोवळं पान अंथरलेलं, गार, हिरवं, दांडा काढलेलं. ॲनी म्हणाली, पहाटे कापतो, दुपारी बदलतो, वाडी दाराशीच हाय. ती ते असं म्हणाली, जसं कोणी म्हणावं की आमच्याकडे भात रोजच होतो. लतिकाने पान बोटाने चाचपून पाहिलं. छत्तीस प्रश्नांत कुठेही या पानाला रकाना नव्हता.

भिंतीवर येशूच्या तसबिरीशेजारी तिथी-वारांचं मराठी कॅलेंडर होतं आणि त्यात रोजच्या चौकोनात पेनाने आकडे टाकलेले होते. आजच्या चतुर्थीखाली 'तीन' लिहिलेलं. लतिकाला हसू आलं. संकष्टी करणारी ख्रिस्ती बाई तिने आजवर पाहिली नव्हती.

मग मात्र ती सिप्रियनपाशी गेली. खाली बसली, त्याचा हात हातात घेतला, आणि मनगट उलटं करून आतली बाजू नीट निरखली. नखाने पुसून पाहिली. वण नव्हता. त्यामुळे तिला बरं वाटायला हवं होतं. उलट तिच्या अंगात कसलासा संताप चढला. वण नाही म्हणून काय झालं, माणूस खांबाला बांधलेला आहे, तो तसा का आहे, आणि ही बाई आत पेज ढवळतेय. ती उठली आणि खांबाची गाठ सोडायला लागली. गाठ विचित्र होती, ओढली की आवळणारी, पण लतिकाच्या बोटांना गाठींची सवय होती. सुटली.

"अगं, सोडलीस काय?" मार्था बाकावरून म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात कुरकुर नव्हती.

सिप्रियनने वर पाहिलंच नाही. आधी त्याच्या हाताला कळलं. दोर मनगटातून सैल लोंबायला लागला तसा तो एक क्षण थांबला, दोर एकदा ओढून पाहिला, पलीकडे काहीच नव्हतं. आणि तो उठला. मघापासून पाठीचा धनुष्य करून बसलेला माणूस सरळ उभा राहिला, ओट्याच्या तिन्ही पायऱ्या न बघता उतरला, आणि दोर ओढत वाडीतून फाटकाकडे निघाला. तोंडाने तो काही बोलत नव्हता, नुसता कण्हत होता, मूल हरवलेली बाई बाजारात कण्हते तसा.

घरात तेवढ्या आवाजाने सगळं जागं झालं. आतून क्लेमेंटीनचा पातळ आवाज आला, की होडी सुटली काय. दुसऱ्या खोलीतून कोणीतरी फिलोमिनाला हाक मारली. अंथरुणावरच्या ज्या बाईला लतिकाने आपलं नाव सांगून आठवतं का विचारलं होतं आणि जिला ते आठवलं नव्हतं, तीही म्हणत होती, पानी चढतंय, धरा कोनीतरी.

फिलोमिना आली ती पळत नाही. साठीची, बुटकी, रुंद बाई. मुंबईच्या इस्पितळात पंचवीस वर्षं आया होती. तिने हात पदराला पुसले, केळींच्या दोन ओळींमधली आडवाट धरली, आणि सिप्रियन फाटकाशी पोचायच्या आत त्याच्यासमोर दहा-बारा पावलांवर जाऊन उभी राहिली. त्याला अडवलं नाही, हात पसरले नाहीत.

"सिप्रियन, मी धक्क्यावर हाय," ती म्हणाली. "दोर टाक."

म्हातारा थांबला. त्याने दोर जवळ ओढायला सुरुवात केली. याच माणसाबद्दल अर्जात लतिकाने अर्ध्या तासापूर्वी लिहिलं होतं, 'हाताला कंप, चमचा धरता येत नाही, भरवावे लागते.' त्याच हातांनी दोराची वेटोळी घातली, एकावर एक, सारख्या मापाची, आणि मग खांद्यातून फेकलं. दोर हवेत उलगडत गेला आणि त्याचं टोक फिलोमिनाच्या डाव्या खांद्यावर येऊन पडलं, कोणी नेऊन ठेवावं तसं. तिने ते कमरेला गुंडाळलं, एक ओढ दिली. पलीकडून त्याने ओढ दिली. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं.

"किती वाव?" तिने विचारलं.

त्याने मान वर करून हवा हुंगली. "दोन," तो म्हणाला. सकाळपासूनचा त्याचा पहिला शब्द.

लतिकाने उगीचच घड्याळ पाहिलं. दहाला पाच मिनिटं होती.

दोघं दोराच्या दोन टोकांना धरून परत आली. फिलोमिनाने खांबाला तीच गाठ मारली. मग दोन्ही हात क्रुसासारखे पसरून दोराची एक लांबी, म्हणजे एक वाव, मोजली, आणखी एक मोजली, तेवढा दोर सोडला. लतिका पायरीवर उभी होती. आपण काय केलं हे तिला कळलं होतं आणि कळलंही नव्हतं. फिलोमिना तिच्यावर रागावली नाही. तिने तिला पाणी दिलं आणि मग, वांगी चिरायला बसली तशी बसून, सगळं सांगितलं.

सिप्रियन तीन वर्षांपूर्वी आला. त्याची होडी वीस वर्षांपूर्वीच खडकावर फुटली होती. पण डोकं मागे गेलं आणि होडी परत आली. इथे आल्यावर तो दिवसातून दोनदा उठून निघायचा, अर्नाळ्याच्या वाटेला लागायचा. पाच वेळा आणला. आधीच्या घरात त्याला खाटेला बांधत. तिथे त्याने दाताने दोरी कुरतडली होती. "मी विचारलं, सिप्रियन, काय पायजे तुला? म्हनाला, दोर. होडी वाहून जाईल, दोर द्या. तोवर कोनी विचारलंच नव्हतं त्याला."

दोर दिला, एक टोक त्याने स्वतःच मनगटाला गुंडाळून मुठीत धरलं, दुसरं टोक खांबाला बांधलं. एक दिवस शांत गेला. पण दुपारी तो पुन्हा चुळबुळ करायला लागला, दोर ओढून ओढून तळहात सोलून घेतले. मार्थाचा बाप कोळी होता, तिला आधी उमगलं. बाकावरून तिने फिलोमिनाला शिव्या घातल्या, की बये, भरती आली, होडी वर उचलली, दोर सैल सोडायचा की नाही, आखडून ठेवलास तर नाळ, होडीचं तोंडच, उपटेल. सोडला. म्हातारा गप्प झाला. ओहोटीला परत ओढून घ्यावा लागला.

"तेव्हापासून असंच," फिलोमिना म्हणाली. "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. मार्थाने शिकवलं. आज चतुर्थी, चाराची पाऊणपट तीन. तीनला पूर्ण भरती. नऊला एक वाव होता, तासाला एकेक वाव सोडायचा, तीनला सात. मग परत घ्यायचा. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला आठ जातो, अष्टमीच्या भांगाला पाच. रात्री काय नाय, रात्री होडी वर ओढून ठेवतो, तसं त्याला सांगून झोपवतो."

"रोज?" लतिकाने विचारलं.

"समुद्र रोज येतो," फिलोमिना म्हणाली.

"एखाद्या दिवशी चुकलं तर? पंधरा-वीस मिनिटं?"

"त्याला कळतं. आमाला नाय कळत, आमी कॅलेंडर बघतो. त्याला कसं कळतं विचारू नका."

लतिकाने खांबाकडे पाहिलं. सागाच्या लाकडात कमरेच्या उंचीवर दोराने खाच पाडली होती, बोटभर खोल, आतून गुळगुळीत. तीन वर्षांच्या भरती-ओहोटीची. तिने त्या खाचेत बोट घातलं आणि बराच वेळ काढलं नाही.

तपासणीला एरवी दोन तास पुरायचे. लतिका गेली नाही. अकराला फिलोमिनाने एक वाव सोडला आणि सिप्रियन स्टूल उचलून ओट्याच्या कडेला आला. बाराला तो पायऱ्यांवर होता, चार वाव. आत क्लेमेंटीनने विचारलं, पानी कुठवर, आणि ॲनीने जेवण भरवता भरवता सांगितलं, पायरीला लागलं. सगळ्या घराला भरती माहीत होती. बाकीचे तेराही जण आपापल्या अंथरुणातून, बाकावरून, खुर्चीतून त्या पाण्याबरोबर चढत होते. आज जेवण चार वावाला, झोप पाच वावाला. ज्यांना आज वार कोणता ते सांगता येत नव्हतं, त्यांना पाणी कुठवर आलंय ते ठाऊक होतं.

एक वाजता लतिकाने घड्याळ पाहिलं. सुरुची आली असेल. सोय सुटली असेल. तिने डबा उघडला आणि चार घास खाऊन मिटला. फिलोमिना जाताजाता म्हणाली, आज चंद्रोदय नऊ पंचवीसला, तोवर पोटात काहीतरी घाला. ख्रिस्ती बाईने संकष्टीची वेळ सांगावी आणि ती अचूक असावी, याचं लतिकाला आता काहीच नवल वाटलं नाही.

तीनला पाच मिनिटं असताना फिलोमिनाने दोराचं खांबाकडचं टोक तिच्या हातात दिलं. "शेवटचा वाव तुमी सोडा."

लतिकाने पिशवी बाजूला ठेवली. दोन्ही हात पसरले. दोर जड होता, केसाळ, आणि त्याला खरोखरच खाऱ्या पाण्याचा वास होता. ॲनी दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की तो अर्नाळ्याच्या पाण्यात बुडवून आणायची, असं मागाहून कळलं. तिने एक वाव मोजला आणि हळूहळू सोडला. पलीकडे सिप्रियन चालायला लागला. केळीच्या ओळी, मग पोफळीची दोन झाडं, मग बावखल. वाडीच्या टोकाला ते जुनं तळं होतं, शेवाळलेलं, आभाळ भरून घेतलेलं. काठापासून बरोबर चार पावलं अलीकडे दोर ताणला आणि तो थांबला. सात वाव. त्याच्यासमोर पाणी होतं.

तो तिथे दोर हातात धरून उभा राहिला. मग त्याने हळूच एक ओढ दिली, आणि ती ओढ दोरातून वाडीभर चालत येऊन लतिकाच्या तळहातात पोचली. जिवंत, किंचित थरथरती. कोणीतरी पलीकडे आहे आणि सुखरूप आहे, एवढंच ती ओढ सांगत होती. लतिकाने ओढ दिली. चाळीस फुटांवर म्हाताऱ्याने मान हलवली. ओट्यावर मार्था म्हणाली, लागली ग बाय, होडी लागली, आणि आतल्या खोल्यांतून कोणीतरी सुस्कारा सोडला.

लतिकाला आजवर देवळात असं कधी झालं नव्हतं. तिच्या अंगावर काटा आला होता आणि तो जायला तयार नव्हता. एवढ्या लांबीचा दोर, चौदा माणसं, मॅट्रिकही न झालेली एक बाई, आणि तिच्या कॅलेंडरावर रोजचा समुद्र. कोणी हे ठरवून दिलं नव्हतं, कोणी तपासणार नव्हतं, रकाना नव्हता.

मग दोर डाव्या हातात ठेवूनच ती पायरीवर बसली आणि अर्ज काढला. सोळा प्रश्न भरले होते, अठरा ते छत्तीस भरले होते. सतरावा कोरा होता. फिलोमिना शेजारी येऊन बसली. तिला तो प्रश्न वाचता येत होता.

"जे बघितलं ते लिवा," ती म्हणाली. "दोर हाय. खांब हाय. मी नाय म्हननार नाय."

लतिकाने 'नाही'वर खूण केली. दोनदा गिरवली. खाली जागा नव्हती म्हणून समासात लिहिलं, 'दोराचे टोक रहिवाशाच्या मुठीत असते. मनगटाला वेढे तो स्वतः घेतो. गाठ नाही. हवे तेव्हा सोडू शकतो.' आणि सही केली. चौदा जण कुठे जाणार नव्हते. तिने पेनाला टोपण लावलं, पण उठली नाही. पेनाचं टोक 'कापड' या शब्दावर होतं आणि तिथून हलत नव्हतं.

फिलोमिना ते बघत होती. वाडीत दोर ताणलेला होता, म्हातारा पाण्याशी उभा होता.

"इथे लय जन तपासायला आले," शेवटी ती सावकाश म्हणाली. "डॉक्टर आले, पुतन्या आला. सगळे सिप्रियनचं मनगट वरून बघतात. तुमी उलटं करून बघितलंत, मार्थाने सांगितलं मला. आतल्या बाजूला."

लतिकाने पेन उचलून पिशवीत टाकलं.

"आनि ती गाठ. माझी ॲनी शिकली त्याला महिना लागला. तुमी सोडलीत, घडीत."

लतिकाने चष्मा काढला आणि पदराने पुसला. पुसून झाल्यावरही पुसतच राहिली. चार वाजायला आले होते. तिकडे घरी सासूबाई या वेळेला पलंगावरून उठून दाराकडे बघायच्या. सुरुची सांगायची, आजी, बस, कोणी येणार नाही. पट्टी नसतानाही त्या दाराकडेच बघायच्या. शाळा सुटायची वेळ. तीन वर्षांत घरातल्या एकानेही त्यांना विचारलं नव्हतं, काय पाहिजे तुम्हाला.

"कापडाचा वण आतल्या बाजूला उठतो," लतिका म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. दोराचं टोक अजून तिच्या डाव्या हातात होतं, आणि पलीकडून म्हाताऱ्याने पुन्हा एकदा, होडी आहे ना, एवढीच ओढ दिली. तिने ओढ दिली. मग म्हणाली, "मी माझ्या सासूबाईंना बांधून ठेवते."